गंबो आणि आपली काळी: जात एकच, मग इथे नुसतं गवत का?

वऱ्हाडी_पशुवैद्य
नमस्कार मंडळी. मी मूळची यवतमाळची, गेली सहा वर्षं अमेरिकेत साउथ डकोटात. मिझुरी नदीच्या काठी या राज्याची राजधानी आहे, तिथेच राहते. नाव Pierre असं लिहितात, पण इथले लोक 'पिअर' म्हणतात. मी गुरांची डॉक्टर, त्यामुळे दिवसातला निम्मा वेळ कुणाच्या ना कुणाच्या कुरणात जातो.

मागच्या आठवड्यात एका रँचवर पाण्याच्या पाइपसाठी चर खणत होते. वरचा दीड फूट राखाडी-करडी चिकणमाती, कोरडी, हाताएवढ्या भेगा. त्याखाली तिरकी, पाचरीसारखी ढेकळं. एक ढेकूळ फोडलं तर आतली बाजू मेण लावून घासल्यासारखी चकचकीत, वर बारीक रेघोट्या. मला एकदम आमच्या वावरातली विहीर आठवली, खणताना बाबांनी असंच ढेकूळ हातात दिलं होतं. साधारण चार फुटांवर मातीचं दगडात रूपांतर व्हायला लागलं. दगड म्हणावा तर कुदळीने सहज निघतो, पाण्यात टाकला तर तासाभरात विरघळून चिखल होतो. मध्ये मध्ये काचेसारखे चमकणारे चपटे खडे.

इथले लोक या मातीला 'गंबो' म्हणतात. पाऊस पडला की गाडीच्या चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं. सगळं ओळखीचं. पण आमच्याकडे अशी जमीन असती तर कापूस, तूर, सोयाबीन, काही ना काही असतंच. इथे नजर जाईल तिथपर्यंत गवत आणि काळ्या गाई.

दोन प्रश्न. ही माती आणि आपली काळी एकच का? आणि एक असेल तर एवढी खोल जमीन नुसत्या गवताखाली का ठेवली आहे? रँचरकडच्या मृदा नकाशावर या पट्ट्याला 'व्हेरी-फाइन, स्मेक्टायटिक, मेसिक, अरिडिक हॅप्लस्टर्ट' असं लिहिलंय. कुणी फोड करून सांगेल का?

मुरमाड
ताई, फोटो टाका ना त्या चकचकीत ढेकळाचा.

वऱ्हाडी_पशुवैद्य
हात चिखलाने भरले होते भाऊ, फोन काढलाच नाही. शनिवारी परत जायचंय, तेव्हा नक्की.

भेगाळ_काका
ताई, मी 31 वर्षं मृदा सर्वेक्षणात काढली, अकोला-बुलडाणा-वाशीम पट्टा पायाखाली घातला. तुमचं वर्णन वाचून हात शिवशिवले.

नाव उजवीकडून डावीकडे वाचायचं. शेवटचं 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, अमेरिकन वर्गीकरणातल्या 12 गणांपैकी एक. लॅटिन 'व्हर्टेरे', म्हणजे उलथणे, फिरवणे, त्यावरून. व्हर्टिसॉल ठरायला साधारण तीन गोष्टी लागतात. वरच्या अर्ध्या मीटरमध्ये सगळीकडे किमान 30 टक्के चिकणकण. दरवर्षी उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा. आणि मीटरभराच्या आत किमान 25 सेंटिमीटर जाडीचा थर, ज्यात तुम्ही पाहिलेली चकचकीत पृष्ठं किंवा पाचरीसारखी ढेकळं आहेत. त्या चकचकीत पृष्ठाला स्लिकनसाइड म्हणतात. फुगलेली माती एकमेकांवर घसरते तेव्हा ती घासून तयार होतात.

त्याआधीचं 'उस्ट' म्हणजे उन्हाळी पावसाचा पण अधूनमधून कोरडा पडणारा ओलावा. 'हॅप्ल' म्हणजे साधा, बाकी विशेष गुण नसलेला. 'अरिडिक' म्हणजे त्या उस्टपेक्षाही कोरड्याकडे झुकलेला. 'मेसिक' म्हणजे अर्ध्या मीटरवर मातीचं वार्षिक सरासरी तापमान 8 ते 15 अंश. 'स्मेक्टायटिक' म्हणजे चिकणमातीत फुगणारं खनिज मुख्य. 'व्हेरी-फाइन' म्हणजे चिकणकण 60 टक्के किंवा जास्त.

आपल्या नागपूरकडच्या खोल काळीचं नाव लिहिलं तर शेवट तोच, हॅप्लस्टर्ट. तापमानाच्या जागी 'हायपरथर्मिक' येतं, म्हणजे 22 अंशांच्या वर. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: एकाच कुळातल्या. सख्ख्या नाहीत, चुलत म्हणा.

दगडफूल
काकांशी बहुतेक सहमत, पण 'चुलत' या शब्दावर मला थांबायचंय. माती कुठल्या दगडातून आली हे नावात येत नाही आणि इथे सगळा फरक तिथेच आहे.

आपली काळी बेसाल्टमधून आली. ज्वालामुखीचा खडक झिजून स्मेक्टाइट तयार झालं. ताई आहेत तिथला खालचा दगड म्हणजे समुद्राच्या तळाचा चिखल. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या युगात, उत्तर अमेरिकेच्या मधोमध उत्तर-दक्षिण उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चिखल साचत गेला, मधून मधून पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख पडली, तिची बेंटोनाइट ही खूप फुगणारी चिकणमाती झाली. या थरांना मीक आणि हेडन यांनी 1862 साली 'पिअर शेल' नाव दिलं, ताईंच्या गावासमोरच्या फोर्ट पिअरवरून. शेल म्हणजे पापुद्रे सुटणारा, आणि पापुद्रे न सुटता गोळ्यासारखा फुटतो तो क्लेस्टोन, साध्या मराठीत चिखलाचा दगड. एकाच टेकडीत दोन्ही मिळतात. शंखासारखे वेटोळे अमोनाइट आणि मोसासॉर या सागरी सरड्यांची हाडंही त्याच थरांत सापडतात.

मुद्दा असा, की समुद्राचा चिखल आपल्याबरोबर समुद्राचं मीठ घेऊन आला. बेसाल्टने ते कधी आणलंच नव्हतं.

आणि ताई, ते चमकणारे चपटे खडे जिप्समचे (म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे), सेलेनाइट. दगडात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. हवा-पाणी लागलं की त्याचं गंधकाम्ल होतं, ते चुन्याशी मिळालं की जिप्सम. नखाने ओरखडा काढून बघा, निघेल.

कातळावरची
आमच्या रत्नागिरीत कातळावर दोन बोटं माती असली तरी आंबा लावतात आणि तिकडे चार फूट माती मोकळी! वाचून जीव हळहळला.

परभणीचा_शेतकरी
ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला वेगळं वाटतं. पाऊस कमी म्हणून गवत, असं कुणी म्हणेल. पिअरला किती पाऊस?

वऱ्हाडी_पशुवैद्य
500 मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेकडे बॅडलँड्सच्या बाजूला चारशेवर येतो.

परभणीचा_शेतकरी
मग सोलापूर बघा. तिथेही पाऊस साधारण तेवढाच, आणि मंगळवेढ्याची ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवायची, वखराच्या पाळ्या द्यायच्या, सप्टेंबरच्या पावसावर पेरायचं आणि पुढचं सगळं पीक साठलेल्या ओलीवर. खोल काळी म्हणजे जमिनीखालचं तळंच. तीच माती तिथे असताना फक्त गुरं चारायची हे मला पटत नाही. तिथल्या लोकांनी केलं नसेल, जमिनीने नाही म्हटलेलं नाही.

भेगाळ_काका
परभणीकर, मुद्दा बिनतोड आहे. पण सोलापुरात ऑक्टोबरनंतर काय होतं? थंडी पडते ती ज्वारीला सोसणारी. डकोटात काय होतं ते ताईच सांगतील.

वऱ्हाडी_पशुवैद्य
जमीन गोठते काका. उणे वीस सहज. पाऊस मे-जूनमध्ये मुख्य, मग उन्हाळा भाजतो. साठलेल्या ओलीवर हिवाळ्यात पीक वाढवायचं हे इथे शक्यच नाही.

पण परभणीकर दादांचं अर्धं बरोबर आहे. नदीच्या पश्चिमेला सपाट भागावर लोक हिवाळी गहू घेतात. सप्टेंबरात पेरतात, बर्फाखाली झोपतो, वसंतात उठतो. गवत उरलंय ते उतारांवर.

भेगाळ_काका
हेच विचारणार होतो. ताई, नकाशावर उताराप्रमाणे वेगळी नावं दिसतात का?

वऱ्हाडी_पशुवैद्य
हो. टेकडीच्या माथ्यावर 'सॅमसिल', मधल्या उतारावर 'पिअर', पायथ्याशी 'प्रॉमिस' आणि 'काइल'. मी चर पाहिला तो पायथ्याजवळ.

भेगाळ_काका
मग चित्र स्पष्ट झालं. माथ्यावर दगड अर्ध्या मीटरच्या आत, त्याला उथळ म्हणतात. मधे अर्धा ते एक मीटर, मध्यम खोल. पायथ्याशी एक ते दीड मीटर असेल तर खोल, त्याच्याही पुढे अति खोल. तुमचे चार फूट म्हणजे सुमारे 120 सेंटिमीटर, खोल वर्गात. दगड मीटरच्या आत लागला असता तर त्याच हॅप्लस्टर्टच्या नावात 'लेप्टिक' शब्द आला असता. एकाच टेकडीवर शंभर पावलांत नाव बदलतं. आपल्याकडे माथ्यावर बरड, मधे मध्यम, नाल्याकाठी भारी, तसंच. पूर्व विदर्भात बर्डी, खरडी, मोरंड, कन्हार म्हणतात तीही हीच उतरण.

झाडीपट्टी
कन्हारचा उल्लेख वाचून बरं वाटलं काका. आमच्या आजोबांचं सगळं शेत कन्हार.

आणि चिखलाचा दगड आपल्याकडेही आहे बरं का. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे लाल-हिरवट चिकणमातीचे लॅमेटा थर उघडे पडलेत. डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेलं शेण तिथे सापडतं, भूगर्भवाले दुरून बघायला येतात. तेही क्रिटेशसच. फक्त ते नदी-तळ्यांच्या गाळाचे, समुद्राचे नव्हेत.

टेक्सासकर
उशिरा आलो. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि या मातीशी माझं नातं वेगळंच आहे, ती माझ्या घराखाली आहे.

इथल्या मातीचं नाव 'ह्यूस्टन ब्लॅक', टेक्सासची राज्य-माती. फाइन, स्मेक्टायटिक, थर्मिक (मेसिकपेक्षा उष्ण), युडिक (ओलसरपणाकडे झुकलेला) हॅप्लस्टर्ट, काकांच्या पद्धतीने आज पहिल्यांदा कळलं! राज्यात सुमारे 15 लाख एकर आहे. तीही क्रिटेशसच्या चुनखडीयुक्त चिखलाच्या दगडातून आलेली, पण इथे पाऊस जास्त म्हणून रंग गडद काळा आणि बहुतेक जमीन कापूस-मक्याखाली. न नांगरलेल्या कुरणात खळगे-उंचवटे दिसतात, त्यांना गिलगाय म्हणतात.

घर घेतलं तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग छतापर्यंत गेली. दार लागेना. ज्यांनी घर बांधलं त्यांनी तीन वेळा माणूस पाठवला, तिन्ही वेळा रंग लावून गेला. शेवटी एका अभियंत्याने बाहेरच्या भिंतीलगतच्या भेगेत माझी फूटपट्टी उभी घातली, सगळी आत गेली. म्हणाला, 'घर ठीक आहे, जमीन आकसली आहे.' तेव्हापासून उन्हाळ्यात भिंतीपासून फूटभर लांब झिरपणारी नळी फिरवतो, ओल सगळीकडे सारखी राहील अशी. आमच्या गल्लीत बायका तुळशीला आणि नवरे घराला पाणी घालतात.

दगडफूल
डेन्व्हरजवळ याहून वाईट. रॉकीजच्या पायथ्याला पिअर शेलचे थर उभे झालेत. आडवा थर असेल तर सगळं घर सारखं उचललं जातं. उभ्या थरांत बेंटोनाइटची एक पट्टी फुगते, शेजारची फुगत नाही, आणि रस्ता लाटांसारखा होतो.

मुरमाड
एक शंका. फुगणं-आकसणं मोजतात कसं? नुसतं 'खूप फुगते' म्हणून काय कळणार.

भेगाळ_काका
चांगला प्रश्न. घरी करता येईल असा ढोबळ प्रकार सांगतो. माती पाण्यात मळून लोण्यासारखी करा. खडे काढा. 10 सेंटिमीटर लांब कांडी वळा आणि सावलीत दोन दिवस सुकवा. सुकल्यावर लांबी मोजा. ओली लांबी भागिले कोरडी लांबी, त्यातून एक वजा. उत्तर 0.06 च्या वर असेल तर फुगवण जास्त, 0.09 च्या वर अति जास्त. प्रयोगशाळेत ढेकळावर करतात ते जास्त नेमकं, पण याने अंदाज पक्का येतो.

दुसरी चाचणी बोटांची. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता लोंबली तर चिकणमाती.

परभणीचा_शेतकरी
काका, मीठाचा मुद्दा दगडफूल यांनी काढला तो मला महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे चोपण जमिनीत असंच होतं. वरून काळी, खोल, दिसायला देखणी. पाऊस पडला की पाणी वरच उभं, आत जातच नाही. वाळली की दगड. वाफसा म्हणाल तर सकाळी ओली, दुपारी कडक, मधे दोन तास मिळाले तर मिळाले.

भेगाळ_काका
तुम्ही नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. चिकणकणांवर कॅल्शियम बसलेला असेल तर माती दाणेदार राहते. सोडियम बसला, एकूण जागांपैकी 15 टक्क्यांच्या वर गेला, तर कण सुटतात, छिद्रं बुजतात. समुद्री चिखलाच्या दगडात सोडियम असतोच. कमी पावसात तो धुऊन खाली जात नाही, तीन-चार फुटांवर दगडाच्या माथ्यावर साठतो. म्हणजे खोली चार फूट, पण गव्हाच्या मुळाला खरी वापरता येणारी त्याहून कमी. आपल्याकडे भारी जमीन ठरवताना आपण खोली बघतो. इथे खोलीच्या तळाशी काय साठलंय ते बघावं लागेल. आणि स्मेक्टाइट पाणी धरून ठेवतं ते इतकं घट्ट की त्यातलं बरंचसं मुळांना ओढताच येत नाही.

वेस्टर्न व्हीटग्रास नावाचं गवत अशा जमिनीत टिकतं. जमिनीखाली कोंब पसरवतं, भेगांनी मुळं तुटली तरी पुन्हा फुटतं. बरोबर ना ताई?

वऱ्हाडी_पशुवैद्य
अगदी. निळसर पात्याचं, कुरणभर तेच. त्याच्या खालोखाल ग्रीन नीडलग्रास आणि बुटकं बफेलो ग्रास.

काका, तुम्ही दगडाच्या माथ्यावर साठणाऱ्या क्षारांबद्दल लिहिलंत आणि माझ्या डोक्यात माझं काम आलं. गाई ज्या खोदलेल्या तळ्यांतून पितात त्यांत सल्फेट वाढतं. कोरड्या वर्षी पाणी आटत जातं, सल्फेट दाट होत जातं, आणि जनावराच्या मेंदूवर परिणाम होतो. आंधळ्यासारखं कुंपणाला डोकं टेकवून उभं राहतं. ते जिप्सम आणि हे सल्फेट, मी आत्तापर्यंत कधी जोडलंच नव्हतं.

आणि त्याच दगडात सेलेनियमही आहे. इथे 1850 च्या दशकात लष्कराच्या घोड्यांच्या आयाळी-शेपट्या गळाल्या, खूर सुटले, त्याची नोंद लष्करी डॉक्टरने करून ठेवली होती. कारण सेलेनियम हे 1930 च्या दशकात कळलं. चाऱ्यात 5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 5 भाग) वर गेलं आणि जनावर महिनोन्महिने तेच खात राहिलं की लक्षणं दिसतात. काही झाडं, अ‍ॅस्ट्रागॅलसच्या काही जाती, हे सेलेनियम मुद्दाम साठवतात. ती दिसली की मी रँचरला आधी तो कोपरा दाखवायला सांगते.

बुलडाण्याची_माधुरी
ताई, अंगावर काटा आला. 2025 च्या सुरवातीला आमच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने गळले, त्यांच्या रक्तात सेलेनियम जास्त निघालं होतं. माझ्या मावसबहिणीचं गाव त्यातलंच. आमची काळी जमीन याला कारण आहे का, असं सगळे विचारत होते.

दगडफूल
माधुरीताई, तिथे संशय बाहेरून आलेल्या गव्हाकडे गेला होता. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी सेलेनियमयुक्त जमिनी आहेत हे आधीपासून माहीत आहे. बेसाल्टच्या काळीत एवढं सेलेनियम नसतं. काळी दिसली म्हणजे सारखी, असं होत नाही. खाली कुठला दगड आहे ते विचारायचं.

मुरमाड
म्हणजे परत मूळ प्रश्नावर. डकोटात कधी नांगरलंच नाही का?

वऱ्हाडी_पशुवैद्य
नांगरलं होतं! शनिवारी रँचरच्या आजीशी बोलले. तिच्या सासऱ्यांनी 160 एकर सरकारकडून घेऊन गहू पेरला होता. 1930 च्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, शेजारची अर्धी घरं रिकामी झाली. 1937 च्या कायद्याखाली सरकारने अशा पडीक जमिनी विकत घेऊन गवत पेरलं. 1960 मध्ये त्यांना नॅशनल ग्रासलँड हे नाव मिळालं. फोर्ट पिअरचं असं कुरण एक लाख एकरांहून मोठं आहे. म्हणजे परभणीकर दादा, लोकांनी करून पाहिलं होतं.

परभणीचा_शेतकरी
आजींनी सांगितलं म्हणजे विषय संपला ताई. मान्य. सपाट भागाचा गहू मात्र मी सोडत नाही.

वऱ्हाडी_पशुवैद्य
नका सोडू, तो आहेच!

आता हिशेब. काकांनी सांगितली तशी कांडी केली. माझ्या भावाला यवतमाळला फोन केला, त्याने आमच्या वावरातली केली. दोघांनी 10 सेंटिमीटरची. गंबो सुकून 8.8 झाली, आमची काळी 8.9. म्हणजे 0.136 आणि 0.124. दोन्ही अति जास्त. गंबोची पट्टी बोटांतून साडेतीन इंच लोंबली. दोन्हींवर व्हिनेगर टाकलं, दोन्ही फसफसल्या, म्हणजे दोन्हींत चुना आहे.

मग दोन्ही कांड्या पाण्यात टाकल्या. भावाची कांडी हळूहळू दाणे दाणे होऊन ढासळली, पाणी बऱ्यापैकी नितळ. माझी, तळातल्या मातीची, अर्ध्या तासात पाणी दुधासारखं गढूळ. रात्रभर ठेवलं, सकाळीही तळ दिसत नव्हता.

भेगाळ_काका
ताई, तो दुधाळपणा सोडियमचा. आता एक करा. वरच्या फुटाची माती वेगळी, दुसऱ्याची वेगळी, असे चार नमुने घ्या आणि चारही ग्लास शेजारी शेजारी ठेवा. कुठल्या फुटापासून पाणी गढूळ राहायला लागतं ते बघा. तिथपर्यंतच त्या गवताची खरी जमीन.

वऱ्हाडी_पशुवैद्य
चर बुजवायच्या आत उद्या सकाळीच जाते काका. ग्लास चार आहेत, फोनही खिशातून काढून ठेवते या वेळी.